सिंह नसलेले आठ आणे

मुरबे,
ता. ९ जानेवारी १९६६

नामदेवा,

पत्र बघून घाबरू नको. कुणी मेलेलं नाय. मेलं असतं तर कार्ड आलं असतं, पाकीट नाय.

मी जमना, तुझ्या आजीची धाकटी बहीण. तुझी आजी चंद्रकांता गेल्यापासून तू मला पत्र लिहिलं नायस, त्याचा मला राग नाय, कारण मी पण तुला लिहिलं नाय. पण आता काम पडलंय. तू टांकसाळीत नाणी तपासतोस हे तुझी आई आल्यागेल्याला सांगत असते. तर माझं एक नाणं तपास.

परवा पालघरच्या बाजारात मी आठ आण्यांचा गूळ घेतला. नाणं शेठच्या हातावर ठेवलं. त्याने ते उलटं केलं, सुलटं केलं, परत उलटं केलं, आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असा ओरडला, "म्हातारे, ह्याच्यावरचे सिंह कुठे गेले?"

मी म्हटलं, "राणीच्या बागेत असतील, जाऊन बघ."

लोक हसले. मग मी नाणं डोळ्याजवळ धरलं आणि माझं हसू गेलं. एका बाजूला 50 हाय, नये पैसे हाय, साल हाय, सगळं जागच्या जागी. दुसऱ्या बाजूला सिंह पायजेत. तिथे सिंह नाय. तिथे पण 50च हाय, पण खड्ड्यात गेलेला आणि उलटा, आरशात बघितल्यासारखा.

आता खरं दुखणं ऐक. आमच्या मासळीवाल्यांच्या ओळीत एक नियम हाय. जिच्याकडून खोटं नाणं निघेल तिने ओळीच्या शेवटी, गटाराच्या तोंडाशी बसायचं, नाणं खरं ठरेपर्यंत. नियम कुणी केला ते विचारू नको. मीच केला, बारा वर्षांमागे, कमळीसाठी.

तीस वर्षं ओळीतल्या बायका शंकेचं नाणं माझ्याकडे आणतात. मी ते दगडावर टाकते, आवाज ऐकते, खरं की खोटं सांगते. माझ्यापुढे कुणी बोलत नाय. आता माझ्या चिंचेखालच्या जागेवर कमळी फतकल मारून बसलीय. वर म्हणते, "जमनाबाय, नियम तुमचाच. आमी आपल्या पाळतो."

नाणं माझ्या सुनेने, मंजुळाने घेतलं होतं. तिचं लक्ष नसतं.

तू सरकारी कागदावर दोन ओळी लिही आणि शिक्का मार. नाणं खरं हाय, टांकसाळीतूनच असं आलं, एवढं पुरे. नाणं पाठवत नाय, पोस्टावर माझा भरवसा नाय. वर कागद ठेवून शिसपेन्सिल घासलीय, दोन्ही बाजू उमटल्यात, त्या बघ. लवकर लिही. गटाराला वास हाय.

जमना रामा पागधरे

*

टांकसाळ कामगार वसाहत, खोली १४
दि. १७ जानेवारी १९६६

तीर्थरूप जमनाआजींना नामदेवचा वाकून नमस्कार.

आपले पत्र मिळाले. विषय माझ्या खात्याचा असल्याने सविस्तर लिहितो.

बिघडलेली नाणी दोन प्रकारची असतात. एक जन्मतः बिघडलेली, म्हणजे ठशाखाली असतानाच काही चूक झालेली. दुसरी, बाहेर पडल्यावर लोकांनी बिघडवलेली. लोक नाणी चावतात, रुळावर ठेवतात, भोके पाडून मुलांच्या कमरेला बांधतात, चुलीत टाकतात, नाण्याने डबे उघडतात आणि मग टांकसाळीला नावे ठेवतात. पहिल्या प्रकारची नाणी बाहेर पडतच नाहीत, कारण ती पकडण्यासाठीच माझ्यासारखी माणसे डोळ्यांत तेल घालून टेबलावर बसलेली असतात.

आपले नाणे दुसऱ्या प्रकारचे आहे हे पेन्सिलीच्या ठशावरूनच मी ओळखले. कोणा उनाडाने दोन आठ आणे एकावर एक ठेवून हातोडा मारला आहे. वरच्या नाण्यावरचा आकडा खालच्या नाण्यात उलटा रुतला आणि त्याखाली सिंह दबून गेले. इतके ते सोपे आहे. सबब कागद देता येत नाही. नाणे खाडीत टाकावे आणि विषय संपवावा.

मंजुळाकाकूंना नमस्कार. यापुढे त्यांनी लक्ष ठेवावे.

आपला,
नामदेव

ता. क. पेन्सिलीत साल नीट उमटलेले नाही, नाण्यावर कोणते आहे? सहज विचारले.

*

मुरबे,
ता. २४ जानेवारी १९६६

नामदेवा,

तू लिहिलंस, मी वाचलं. मग म्हटलं, हातोडा आपल्याकडे पण हाय.

किनाऱ्यावर सुका सुतार होड्या दुरुस्त करतो. त्याच्याकडे लोखंडाचा ठोकळा हाय आणि घण हाय. मी दोन आठ आणे घेऊन गेले, एकावर एक ठेवले आणि म्हटलं, मार. पहिल्या घावाला वरचं नाणं उडालं ते होडीखाली गेलं. अर्धा तास वाळू चाळली. दुसऱ्या वेळी सुक्याने चिमट्यात धरलं आणि मारलं. तिसरा घाव माझ्या समाधानासाठी. सुका म्हणाला, "आजी, तुमच्याकडे पैसे जास्त झाले असतील तर मला सांगा, असे मारून नका टाकू." मी म्हटलं, "तुला दिले तर तू पण मारूनच टाकशील, गुत्त्यावर."

आता काय झालं ते बघ. वरचा आकडा खालच्यात रुतला, पण अर्धामुर्धा, पुसट. सिंह काही गेले नायत. नाकं चपटी झाली, पण बसलेत आपल्या जागेवर. आणि खालची बाजू, जी लोखंडावर होती, तिथला 50 असा सपाट झाला की बोटाला लागत नाय. कडेच्या रेघा चेपल्या. नाणं पसरलं, दुसऱ्या नाण्यावर ठेवलं तर केसभर बाहेर येतं.

माझं नाणं घे. सुलट बाजूचा 50 नखाला टोचतो. कडेच्या रेघा साऱ्या मोजून घे. मापाला बरोबर. आणि बुडालेल्या बाजूला सिंहाची शेपटी सुद्धा नाय. सिंह दबले असते तर कुठेतरी कान, कुठेतरी पंजा उरला असता. म्हणजे त्याच्यावर सिंह कधी बसलेच नव्हते.

तू नाण्यात मोठा झालास, मी मासळीत. लेप मासा ठाऊक हाय ना? दोन्ही डोळे एकाच बाजूला. नवं गिऱ्हाईक बघतं आणि म्हणतं, "मावशी, हा चेपलाय." मी सांगते, चेपलेला मासा उलटून बघ, दुसरीकडे फुटलेला असतो, काटा वर येतो. लेपाला उलटून बघ, कुठे फुटलेला नाय. तो तसाच आला. सुक्याने ठोकलेलं नाणं टोपलीखाली चेपलेलं हाय. माझं नाणं लेप हाय.

आणखी एक. चपटी पाकट मासळी ओल्या वाळूवर पडून राहिली आणि उचलली, तर वाळूत उलटी पाकट उमटलेली असते. तुमच्या ठशाला आधीचं नाणं चिकटून बसलं, आणि ते तसंच असताना पुढची कोरी चकती खाली आली, तर तिच्यात काय उमटेल? मी दुसरीत शाळा सोडली, पण एवढं मला दिसतं. तुला का दिसत नाय?

सुक्याने गावात बोभाटा केला. आता रोज कुणी ना कुणी नाणं घेऊन येतं. देवूने उमरोळीला रुळावर ठेवलेला पैसा आणला, पिंपळाच्या पानाएवढा झालेला. म्हणतो, सरकारने मोठा काढला. बुधीने मिठाच्या पिंपात पडलेला आणला, हिरवागार. नवसीचं नाणं तिच्या म्हशीने गिळलेलं, ते कसं परत मिळालं ते ती सांगत होती, मी ऐकलं नाय. ओट्यावर दोन ढीग केले. जन्मलेले इकडे, मारलेले तिकडे. मारलेल्यांत बावीस. जन्मलेल्यांत माझं एक आणि होडीवाल्या बुधाचा एक पैसा. त्याच्यावरचं चित्र एका कडेला सरकलंय, चंद्रकोरीएवढी जागा रिकामी हाय आणि तिच्यावर एक ओरखडा नाय. रिकामी हाय, घासलेली नाय. बरोबर की नाय ते लिही.

साल विचारलंस. मंजुळाने सुलट बाजूचं वाचलं, मग बुडालेली बाजू आरशापुढे धरली, तिथे पण तेच. 1961.

कागद पाठव.

जमना

*

खोली १४
दि. १ फेब्रुवारी १९६६

तीर्थरूप आजी,

नाणे ठोकणे हा गुन्हा आहे. तो आपण केला, वर पत्रात लिहून कळवला, आणि सोबत सुका सुताराचेही नाव दिले. यापुढे असे करू नये. आपले पत्र मी फाडून टाकले आहे.

बुधाच्या पैशाबद्दल आपण म्हणता ते बरोबर आहे. आपल्या नाण्याबद्दल मात्र मला आता वेगळीच शंका येते. ते कोणीतरी साचा करून ओतलेले बनावट नाणे असावे. खरा आठ आणा निकेलचा असतो, तो लोहचुंबकाला चिकटतो. शिशाचा, कथलाचा चिकटत नाही. वजनही कमी भरते. आपला चिकटणार नाही.

तरी ते नाणे रजिस्टर पोस्टाने माझ्याकडे पाठवून द्यावे. मी सांभाळून ठेवीन. तोवर कोणाला दाखवू नये. आणि एक विनंती, या विषयावर कार्ड लिहू नये. वसाहतीत कार्डे सगळेजण वाचतात. मार्चमध्ये माझ्या बढतीचा विचार व्हायचा आहे. त्याचा आणि याचा काही संबंध नाही.

नामदेव

*

(कार्ड)

मुरबे, ता. ६ फेब्रुवारी

नामदेवा, कार्ड हाय म्हणून रडायला बसू नको, पोस्टात पाकिटं संपली. ज्यांना वाचायचंय त्यांनी वाचा, सगळ्यांना माझा नमस्कार.

वाणगावचा जिवल्या लग्नाला भोंगा लावतो. त्याच्या मोडक्या भोंग्यातलं चुंबक आणलं. नाणं उडी मारून चिकटलं. सोडवताना मंजुळाचं नख तुटलं. मग सोनाराकडे गेले, एका पारड्यात माझं, दुसऱ्यात चांगलं आठ आण्याचं. काटा हलला नाय. म्हणजे ओतलेलं नाय. ठोकलेलं नाय ते आधीच झालं. आता काय सांगतोस?

मी साल कळवलं आणि लगेच तू नाणं मागवायला लागलास. एकसष्ट साली तुला टेबल मिळालं म्हणून तुझ्या आईने मुरब्यात पेढे वाटले. मी पण खाल्ला, साखर कमी होती. ते टेबल कुठल्या नाण्याचं?

जमना

*

खोली १४
दि. १० फेब्रुवारी १९६६

आजी,

कार्ड खोली चौदाला पोहोचण्यापूर्वी खोली एक ते तेरामध्ये वाचले गेले. खोली नऊमधील बाईंनी आपल्याला उलट नमस्कार सांगितला आहे, आणि पेढ्यांत साखर किती होती ते विचारले आहे.

होय. आठ आण्यांचे.

आता लपवण्यात अर्थ नाही. आमच्याकडे तयार नाणी पत्र्याच्या पाटीत एका थरात पसरतात. एक बाजू पाहून झाली की वर दुसरी पाटी पालथी घालायची, दोन्ही धरून उलटवायच्या, आणि मग दुसरी बाजू पाहायची. पाटी उलटवल्याशिवाय पुढे ढकलायची नाही, हा पहिला धडा. मी टेबलावर बसून महिनासुद्धा झाला नव्हता. एके दिवशी जेवणाची घंटा झाली. त्या दिवशी कँटीनमध्ये बटाटेवडे होते आणि ते संपत. मी एक पाटी न उलटवता पुढे ढकलली. आजी, एकच. पाच वर्षे मी स्वतःला सांगत आलो की त्या पाटीत काही नव्हते.

ते होते. एका बाजूने ते नाणे अगदी चांगले दिसते, हे तुम्हीच लिहिलेत. आणि ठशाला आधीचे नाणे चिकटते हेही तुम्ही बरोबर ओळखलेत. ते समजायला मला तीन आठवडे लागले होते आणि साहेबांनी फळ्यावर चित्र काढले होते. तुम्ही पाकटीवरून ओळखलेत.

पण कागद कसा देऊ? कागदावर साल लिहावे लागेल. साल लिहिले की त्या सालचे हजेरीपत्रक निघेल, आणि हजेरीपत्रकात माझे नाव निघेल. नोकरी जाणार नाही. पण तपासणीचा मुख्य होण्याचे राहील आणि निवृत्त होईपर्यंत खात्यात मला 'सिंह' म्हणून हाका मारतील. ते लोक तसे आहेत.

दुसरीकडे तुम्ही माझ्यामुळे गटाराशी बसला आहात. मला रात्री जेवण जात नाही. मी काय करू ते तुम्हीच सांगा.

नामदेव

*

मुरबे,
ता. १५ फेब्रुवारी १९६६

नामदेवा,

पाकिटात लिहिते. तेरा खोल्यांना सांग, ह्या वेळी वाचायचं चुकलं. नऊ नंबरच्या बाईला सांग, साखर मूठभर कमी होती.

आधी जेव. तू उपाशी राहिलास म्हणून माझी जागा मला मिळत नाय.

वड्यासाठी पाटी ढकललीस. बरं. आता माझं ऐक. ते नाणं मंजुळाने घेतलं नव्हतं, मी घेतलं. बोईसरला बसले होते. तारापूरच्या बांधकामावरचा एक मजूर आला, म्हणाला, "मौसी, आठ आने का सूखा बोंबिल देना." मी नाणं दगडावर टाकलं. आवाज खणखणीत. कमरेला खोचलं. बघितलं नाय. बघून तरी काय उपयोग? गेली दोन वर्षं मला हाताच्या अंतरावरचं धूसर दिसतं, अगदी डोळ्याला लावलं तरच कळतं, पत्र पण तसंच लिहिते. बोंबील वासावर विकते आणि नाणं कानावर घेते. ओळीत कुणाला सांगितलं नाय, कारण खरंखोटं सांगणाऱ्या बाईचे डोळे गेले हे कळलं की कमळीला मला उठवायला नाणं सुद्धा लागणार नाय.

म्हणजे तू पाटी उलटवली नाय आणि मी नाणं उलटवलं नाय. तेव्हा तू रडू नको आणि मी तुला शिव्या देत नाय.

मंजुळाला मात्र महिनाभर बोलत होते, लक्ष नाय, लक्ष नाय म्हणून. ती ऐकून घेत होती. काल भाकरी थापता थापता म्हणाली, "आई, तुमच्या कमरेच्या पिशवीला माझा हात कधी लागलाय?" एवढंच. म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. डोळ्यांचं पण ठाऊक हाय. मी भाकरी खाल्ली. मीठ जास्त झालं होतं ते पण बोलले नाय.

आता कागद राहू दे. तू ये.

२७ तारखेला रविवार हाय, तुला सुट्टी. पालघरला उतर आणि बाजारात ये. छातीवर टांकसाळीचा बिल्ला लाव. मी गटाराशी असेन, वासावरून सापडेन. आठ आण्यांचे बोंबील घे आणि मला रुपयाची नोट दे. मी तुला तेच नाणं परत देईन. तू ते घे, दोन्ही बाजू बघ, खिशात घाल आणि चालू लाग. टांकसाळीचा माणूस जे नाणं बघून खिशात घालतो त्याला खोटं कोण म्हणेल? लिहायचं काही नाय, खोटं बोलायचं पण काही नाय. नाणं तुझ्याकडे येईल, मग ते तुझ्या हजेरीपत्रकाला शोधत यायचं नाय. मला माझी चिंच.

बोंबील फुकट मागू नको, ओळ बघत असेल. आणि बोलू नको. तुला बोलायची हौस हाय, पत्रावरून कळतं.

जमना

*

मुरबे,
ता. १ मार्च १९६६

नामदेवा,

बोलू नको म्हटलं होतं.

नाणं हातात घेऊन खिशात घालायचं एवढंच काम. तू भिंग काढलंस. भिंग बघून माणसं जमली, माणसं बघून तुला जोर आला, आणि तू उभा राहून ठसा काय, चकती काय, पाटी काय, सगळं सांगायला लागलास. "हे नाणे अमुक साली" असं म्हणून तू साल उच्चारायला तोंड उघडलंस, तेव्हा मी तुझ्या हातावर बोंबलांची जुडी आपटली ती त्याच्यासाठी. तुला वाटलं मी घाई करतेय. मी तुझी बढती वाचवत होते.

मग तू गाडीला पळालास. मागे काय झालं ते आता ऐक, कारण काम तुझ्याने अर्धंच झालं होतं.

मी टोपली उचलली आणि चिंचेकडे चालू लागले. कमळी हलली नाय. म्हणाली, "बसा खाली, जमनाबाय. तो तुमचा नातू हाय. तुमचंच नाक हाय त्याला. घरच्या माणसाने घरचं नाणं घेतलं, त्यात काय मोठं?"

दोन-तीन बाया हसल्या. मी टोपली खाली ठेवली. खोटं कशाला बोलू, नाक तुझं खरंच आमच्याकडचं हाय.

तेवढ्यात शेठ तिथे उभा होता तो बोलला, "कुणीतरी ठोकलेलं नाणं हाय ते. मी पयल्याच दिवशी ओळखलं." हे बोलला नसता तर मी त्या दिवशी परत गटाराशीच गेले असते. मी म्हटलं, "शेठ, ठोकून दाखव. तुझी नाणी, तुझं वजन." तो नको म्हणायला लागला. पण बाजार जमला होता आणि कमळीच म्हणाली, "दाखवा शेठ, भिता कशाला?"

त्याने गल्ल्यातून दोन आठ आणे आणले आणि दहा किलोचं वजन आणलं. दुकानाच्या पायरीवर एकावर एक ठेवून असं दणादणा मारलं की आतली बरणी पडली. मग मी ते खालचं नाणं घेतलं आणि ओळीत फिरवलं. पहिल्या बाईपासून शेवटच्या बाईपर्यंत प्रत्येकीच्या बोटाखाली दिलं. म्हटलं, ही रुतलेली बाजू, इथे सिंह अजून हायत की नाय? हायत. आता उलटा, मागचा आकडा चपटा झाला की नाय? झाला. कडा चेपली की नाय? चेपली. माझ्या नाण्याची कडा महिनाभर तुमीच सगळ्यांनी चाचपली, ती चेपलेली होती का? त्याच्या मागचा आकडा चपटा होता का? त्याच्यावर सिंहाचा एक केस तरी होता का?

जमना तरीण म्हणून माझ्याच नावाची एक म्हातारी हाय ओळीत, तिने आयुष्यात माझी बाजू घेतली नाय. ती म्हणाली, "नव्हता गो."

कमळीने नाणं सर्वांत जास्त वेळ चाचपलं. मग टोपली उचलली आणि आपल्या जुन्या जागी जाऊन बसली. जाताना माझ्या जागेवर खवलं सांडून गेली, ती मी मुद्दाम झाडली नायत. लोकांनी बघू दे.

शेठ ते चपटे आठ आणे हातात घेऊन उभा होता. म्हणाला, "आता हे मी कुणाला चालवू?" मी म्हटलं, "माझ्याकडे नको आणू. मी ओळखते."

तुझे बोंबील विसरून गेलास. आठ आणे परत मिळायचे नायत.

जमना

*

खोली १४
दि. ५ मार्च १९६६

आजी,

तुमचे पत्र वाचून इतके हसलो की शेजारी विचारायला आले. त्यांना बनवून काहीतरी सांगितले.

काल हुकूम आला. तपासणीचा मुख्य. टेबलांच्या दोन रांगा आता माझ्याकडे. आईने पेढे करायला घेतले आहेत, साखरेचे मी बजावले आहे.

आता एक गोष्ट लिहितो, ती फक्त तुम्हाला. त्या दिवशी पालघर स्टेशनवर गाडीला दहा मिनिटे होती. चहा घेतला, भजी घेतली. खिशात हात घातला आणि चहावाल्याला आठ आणे दिले. त्याने सुटे परत केले. ते मी सवयीने दोन्ही बाजूंनी तपासून घेतले.

घरी येऊन खिसा रिकामा केला तेव्हा सगळे होते, भिंग होते, तिकीट होते, तपासलेले सुटे पैसे होते. ते नाणे नव्हते.

माझ्या हातून ते दोनदा गेले, आजी. पहिल्या वेळी वडे होते, या वेळी भजी. चहावाल्यानेही पाहिले नाही, डब्यात टाकले. मी पुढच्या रविवारी येऊन त्याचा डबा पाहू का? की तुम्ही मंजुळाकाकूंना पाठवाल? ते परत बाजारात फिरत आले तर काय होईल या विचाराने मला बढतीचा आनंदही नीट होत नाही.

नामदेव

*

मुरबे,
ता. १५ मार्च १९६६

नामदेवा,

चहावाल्याकडे कुणी जाणार नाय. त्याने घेतलं, त्याने कुणाला दिलं, त्याने पुढे दिलं. कुणी बघत नाय म्हणून चालतंय. नाणं खरंच हाय, चालू दे. तू इथे येऊन लोकांचे डबे उपसायला लागलास तर मात्र लोक बघतील.

मी चिंचेखाली आठ दिवस बसले. ओळीतल्या बाया पहिल्यासारख्या नाणी घेऊन आल्या. मी दगडावर टाकायचे, आवाज ऐकायचे, खरं म्हणायचे. त्या ऐकून जायच्या. आणि दर वेळी मला वाटायचं, सिंह हायत का नाय ते मला काय ठाऊक?

नवव्या दिवशी मी उठले आणि माझ्या जागेवर मंजुळाला बसवलं. कमळी लांबून ओरडली, "काय गो, आता कुणी उठवलं?"

मी म्हटलं, "कुणी नाय. म्हणून तर उठले." मग सगळ्या ओळीला सांगितलं, मला दिसत नाय, दोन वर्षं झाली. वाटलं होतं आरडाओरडा होईल. जमना तरीण म्हणाली, "आमाला काय ठाऊक नव्हतं? तू गेल्या सालापासून मला बुधी म्हणून हाक मारतेस."

आता मंजुळा पुढे बसते, मी तिच्या पाठीशी. नाणं आलं की मी दगडावर टाकते, ती उलटून दोन्ही बाजू बघते. दोघींचं जुळलं तर खरं. वेळ लागतो. गिऱ्हाईक कुरकुरतं, त्याला म्हणावं कुरकुर. परवा शेठचा माणूस चपटे आठ आणे घेऊन आला होता, मी आवाजावर फसले, मंजुळाने हातात घेताच परत फेकले.

मुख्य झालास, चांगलं झालं. दोन रांगांच्या पाट्या उलटवून घे, आणि जेवणाची घंटा झाली की आधी त्या पोरांचे हात बघ, मग तू जा.

तुझ्या पाकिटावर तिकीट उलटं लावलं होतंस. मला दिसलं नाय. मंजुळाने सांगितलं.

जमना